रोमन लाल झिलईचा वाडगा गोव्यात कसा घडवावा

गोव्यात तांबड्या मातीला तोटा नाही. चिऱ्याच्या खाणीतली भुकटी पाण्यात कालवून वाडग्याला फासली आणि वाडगा भाजला, तर रंग हवा तसा लाल येतो. चकाकी मात्र औषधालाही येत नाही. ‘टेरा सिजिलाटा’ म्हणून ओळखली जाणारी रोमन भांडी करून पाहणारे बहुतेकजण इथेच अडतात, आणि मग दुकानातले पारदर्शक ग्लेझ आणून वर ओततात. तसे केले की काम फसले म्हणून समजा. या भांड्यांवर काचेचा लेप नसतोच. लाल रंग लोखंडाचा असतो. चकाकी येते ती मातीतल्या अतिसूक्ष्म कणांमुळे आणि त्यांतल्या पोटॅशमुळे, म्हणजे पोटॅशियमच्या क्षारामुळे. दोन्ही टिकणार की नाही, हे भट्टीतली हवा ठरवते.

जांभ्याच्या मातीत लोखंड मुबलक असते, पण हजारो पावसाळ्यांनी तिच्यातले पोटॅश धुऊन नेलेले असते. मागे उरते ती केओलिनाइट जातीची चिकणमाती. ती हजार अंशांपर्यंत कोरडीच राहते, कण एकमेकांत विरघळत नाहीत. रोमन कुंभार झिलईसाठी इलाइट जातीची माती वापरत. तिच्या पापुद्र्यांतच पोटॅश असते, त्यामुळे ती साडेनऊशे-हजार अंशांच्या आसपास स्वतःच्या अंगानेच वितळू लागते आणि थर घट्ट, तुकतुकीत होतो. म्हणून खाणीची माती रंगापुरती चिमूटभर घ्या, झिलईचा आधार म्हणून नको.

अंगाची माती

वाडग्याचे अंग आणि वरची झिलई या दोन वेगळ्या मात्या. अंगाच्या मातीत चुना हवा, झिलईच्या मातीत तो जवळपास नको. दक्षिण गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, ला ग्रोफसेंकच्या भांड्यांच्या अंगात चुन्याचे प्रमाण साधारण दहा टक्के भरते. चुन्यामुळे अंग साडेआठशे ते साडेदहाशे अंशांच्या पट्ट्यात फारसे बदलत नाही आणि थंड होताना झिलईशी जुळवून आकसते. भट्टी कोपऱ्याकोपऱ्यात पन्नास-साठ अंशांनी इकडेतिकडे झाली तरी माल वाया जात नाही. मध्य गॉलमधल्या लेझू गावाचे उदाहरण बोलके आहे. तिथले कुंभार पहिल्या शतकात चुना नसलेली माती वापरत आणि माल जवळपासच खपे. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी चुन्याची माती आणि धूर न लागू देणारी भट्टी या दोन्ही गोष्टी धरल्या, आणि ब्रिटनची बाजारपेठ त्यांच्या हाती आली.

डिचोलीच्या कुंभाराकडून चाकाची माती घ्या, सुकवून कुटा आणि 80 मेशच्या, म्हणजे इंचाला 80 भोकांच्या, चाळणीतून काढा. 8.5 किलो सुक्या मातीला 1.5 किलो खडूची पूड, म्हणजे बारीक कॅल्शियम कार्बोनेट, असे प्रमाण ठेवा. भाजल्यावर चुना दहा टक्क्यांच्या आसपास येतो. पूड 200 मेशच्या खालची हवी. तिसऱ्यांच्या शिंपल्या घरीच कुटून घालायचा मोह गोव्यात कुणालाही होईल. घाला, पण शंभर वेळा चाळून. शिंपलीचा बाजरीएवढा कण जरी अंगात राहिला, तरी भट्टीत त्याची चुनकळी होते. पुढे ती हवेतला दमटपणा पिऊन फुगते आणि वाडग्याच्या अंगावरून टिकलीएवढी खपली उडवते. खाली पांढरा ठिपका दिसला की कारण तेच. जुलैत भट्टीतून काढलेला वाडगा आठवड्याभरात असा फुटू शकतो. शंका असेल तर भांडे भट्टीतून काढून हाताला सोसेल इतके कोमट असतानाच तासभर पाण्यात बुडवून ठेवा. कण लहान असतील तर चुना पाण्यातच विझतो आणि बाहेर ढकलायचे बळ त्याला उरत नाही.

झिलईचे पाणी

सगळ्यात जास्त वेळ आणि डोके इथे घालवा.

आधी मातीची परीक्षा. दोन-तीन ठिकाणच्या मात्या आणा: भरतीचे पाणी पोचत नाही अशा वरच्या नदीकाठची, कुंभाराकडची, आणि सिरॅमिकच्या दुकानातली बॉल क्ले, म्हणजे बारीक, चिकट माती. प्रत्येकीसाठी पारदर्शक बाटलीत 1 लिटर पावसाचे पाणी, त्यात 2.5 ग्रॅम सोडियम सिलिकेट (मातीचे कण सुटे ठेवणारे औषध) विरघळवून वर 500 ग्रॅम सुकी, कुटलेली माती. खूप हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी गाळ आणि वर कोकमाच्या सारासारखे गढूळ, बोट न दिसणारे पाणी असेल तर ती माती कामाची. वरचे पाणी स्वच्छ आणि सगळी माती कापसासारखी फुगून खाली बसलेली असेल, तर तिच्यात बारीक कण नाहीत किंवा मीठ आहे.

गोव्यात मीठ हेच दुखणे. खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली, चिकणमाती हाताला लोण्यासारखी लागते, पण तिच्यात खाडीचे मीठ मुरलेले असते. खाऱ्या पाण्यात मातीचे कण नासलेल्या दुधासारखे गोळा होतात आणि मोठे-लहान सगळे एकदमच खाली बसतात, म्हणजे वेगळे काढायला काही उरतच नाही. तीच माती वापरायची असेल तर पावसाच्या पाण्यात कालवा, बसू द्या, वरचे पाणी ओता, आणि असे चार-पाच वेळा करा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी यासाठी नको. पहिल्या पावसाचे पाणी छपरावरची धूळ घेऊन येते, ते जाऊ द्या आणि नंतरचे पिंपात साठवा. झिलईच्या कामाला ते वर्षभर पुरते.

पुरे माप असे: 10 लिटर पाणी, 25 ग्रॅम सोडियम सिलिकेट, 5 किलो सुकी माती. औषध आधी पाण्यात, माती मागून. उलट केले तर गुठळ्या सुटत नाहीत. सोडियम सिलिकेट नसेल तर तेवढाच धुण्याचा सोडा चालतो. रोमन कुंभारांच्या काळातला मार्ग करून पाहायचा असेल तर नारळाच्या सोडणांची राख घ्या, तिच्यात पोटॅश भरपूर असते. अर्धा किलो राख 5 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून कापडातून गाळली की निवळ तयार. ही निवळ हाताला चरचरते, म्हणून हातमोजे घाला. बाटलीत थोडी थोडी घालत बघा. जास्त झाली तर तीही मिठासारखेच काम करते आणि माती गोळा होते.

आता किती वेळ थांबायचे? थंड देशांतल्या कृतींत चोवीस तास लिहिलेले असतात, ते जसेच्या तसे उचलू नका. पाणी गरम असले की पातळ होते आणि कण लवकर बुडतात. 2 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण 10 अंशांच्या पाण्यात तासाला जेमतेम 1 सेंटिमीटर उतरतो, 30 अंशांच्या पाण्यात दीड सेंटिमीटरहून थोडा जास्त. बादलीत पाण्याची उंची 25 सेंटिमीटर असेल, तर आपल्याकडे 16 तासांत 2 मायक्रॉनहून मोठे कण तळाला गेलेले असतात. अजून बारीक झिलई हवी असेल तर दोन दिवस ठेवा, माल कमी मिळेल पण चकाकी वाढेल. बादली हलवू नका. ती टेबलावरच भरायची, म्हणजे नंतर उचलावी लागत नाही.

रबरी नळीने वरचे गढूळ पाणी ओढून घ्या आणि गाळाच्या तीन बोटे वर थांबा. लोभाने शेवटचा लिटर ओढला की त्यातून रेव येते आणि सगळी झिलई खरखरीत होते. तळाचा गाळ फेकू नका, तो अंगाच्या मातीत जातो. 5 किलोतून किलोभर बारीक माती हाती आली तरी पुष्कळ.

ओढलेले पाणी पातळ असते. पसरट परातीत ओतून उन्हात आटवा. ऑक्टोबर ते मे हे दोन-चार दिवसांचे काम, पावसाळ्यात पंधरा दिवस लागले तरी नवल नाही आणि वर बुरशी येते ती वेगळीच. 100 मिलिलिटर झिलई वजनकाट्यावर 113 ते 115 ग्रॅम भरली की बास. 110 च्या खाली ती नुसता रंग देते. 120 च्या वर गेली की सुकताना भेगाळते आणि भट्टीत सोलपटे निघतात. मूळ रोमन भांड्यांवर हा थर 10 ते 30 मायक्रॉनचा असतो आणि माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. यावरून हात किती हलका हवा ते समजा.

साचा

नक्षीचा अर्धगोल वाडगा पहिल्यांदा करायला सोपा. जर्मन पुरातत्त्वज्ञ हान्स ड्रागेनडॉर्फ यांनी 1895 मध्ये या भांड्यांच्या आकारांना क्रमांक दिले. त्यांच्या यादीत हा 37 क्रमांकाचा, आणि अभ्यासक आजही त्याला त्याच आकड्याने ओळखतात.

साचा म्हणजे चाकावर घडवलेला जाड भिंतीचा, आतून गुळगुळीत वाडगा. भिंत दोन सेंटिमीटर तरी हवी, कारण ओल शोषून घेणे हेच तिचे काम. तो चामड्यासारखा टणक पण दमट झाला की आतल्या बाजूने ठसे दाबायचे. ठसे पक्क्या भाजलेल्या मातीचे, अंगठ्याएवढे, टोकाला उठावाचे चित्र असलेले. वरच्या कडेला अंडाकृती नक्षीची ओळ, खाली वेली, प्राणी, माणसे हा गॉलमधला रिवाज. आपण आंब्याचे पान, माडाची झावळ, खेकडा काहीही घ्यावे. उठावाच्या कडा बाहेर कलत्या ठेवा. कड आत वळली तर वाडगा साच्यात अडकतो आणि निघताना चित्र ओरबाडतो. साच्यात काडीने नाव लिहिणार असाल तर उलटे लिहा, नाहीतर वाडग्यावर आरशातल्यासारखे उमटते. ही चूक गॉलमधल्या कुंभारांकडूनही झालेली दिसते.

साचा झिलईविना 900 अंशांना भाजा. तयार वाडगा 20 सेंटिमीटरचा हवा आणि माती एकूण दहा टक्के आकसत असेल, तर कच्चा वाडगा, म्हणजेच भाजलेल्या साच्याचा आतला व्यास, सुमारे 22 सेंटिमीटर ठेवावा लागतो. साचाही भाजताना आकसतो, म्हणून तो घडवताना आणखी दोन-अडीच सेंटिमीटर धरा.

साचा चाकावर मध्यावर बसवा, मऊ मातीचा गोळा आत टाका आणि बोटांनी भिंतीवर दाबत वर चढवा. प्रत्येक चित्रावर अंगठा एकदा जोर देऊन फिरवा. हवा अडकली तर वाघाला डोके येत नाही. माती साच्याच्या काठाच्या वर तीन-चार सेंटिमीटर ओढून घ्या, तोच वाडग्याचा साधा काठ. मग थांबा. साचा ओल शोषतो, वाडगा आकसतो, आणि काठाशी केसाएवढी फट दिसू लागते. कोरड्या दिवसांत याला दोन तास, पावसाळ्यात अर्धा दिवस. फट सगळीकडे सारखी दिसली की पालथा घालून हलकेच ठोका. रात्रभर विसरला तर मात्र तो नक्षीवरच आवळून तडकतो. बाहेर काढलेल्या वाडग्याला बुडाचे कडे जोडा, जोड खरवडून आणि घट्ट चिखल लावूनच.

एखाद्याने बाजारातल्या वाडग्यावरूनच साचा उठवला तर? तेव्हाही असे होत असे. पण नकलेची नक्कल प्रत्येक वेळी आकसते, म्हणून तेच चित्र दहा टक्क्यांनी लहान दिसले की अभ्यासक लबाडी ओळखतात.

झिलई चढवताना वाडगा पूर्ण सुकलेला हवा. ओलसर स्पंजने धूळ टिपा, बुडाचे कडे तीन बोटांत धरा, दोन सेकंद बुडवा, बाहेर काढून एक झटका द्या. ओली चमक गेल्यावर दुसरा हात. बोटांच्या जागी झिलई बसत नाही आणि तिथे फिकट ठिपके राहतात. संग्रहालयातले सिजिलाटा पालथे करून पाहिले तर बुडाशी असे बोटांचे ठसे सापडतात, तेव्हा त्यांची लाज बाळगू नका. इलाइट माती असेल तर घासायची गरज नाही. तशी नसेल तर झिलई किंचित दमट असताना मऊ प्लास्टिकच्या पिशवीने हलके घासा, उणीव थोडी भरून निघते.

भट्टी

सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोकळी हवा, हा एकच नियम. कारण असे की नऊशे अंशांच्या वर झिलईचा थर मिटू लागतो. त्याच सुमाराला धूर लागला तर लाल लोहभस्म काळे होते, वरून थर बंद होतो, आणि नंतर कितीही हवा दिली तरी आतले काळे परत लाल होत नाही. ग्रीकांची काळी झिलई याच युक्तीवर उभी आहे. आपल्याला ती नको असल्यामुळे शेवटच्या टप्प्यातला एक धुरकट तासही महागात पडतो.

ला ग्रोफसेंकच्या कुंभारांनी यावर उपाय म्हणून भट्टीत मातीचे नळ उभे केले. ज्वाला आणि धूर नळांतून वर निघून जात आणि भांड्यांना फक्त नळांच्या भिंतीतून येणारी धग लागे. तिथे उत्खननात मिळालेली मोठी भट्टी सुमारे 11 मीटर लांब आणि 7 मीटर रुंद आहे.

आपल्याकडे सगळ्यात सोयीची विजेची भट्टी, तिथे धुराचा प्रश्नच नाही. 120 अंशांपर्यंत तासाला 50 अंश आणि तिथे दोन तास मुक्काम, पावसाळ्यात चार. मग 600 पर्यंत तासाला 80, पुढे 120. 700 अंशांपर्यंत वरचे भोक उघडे ठेवा, म्हणजे मातीतला पालापाचोळा जळून जातो. तो आत राहिला तर अंगाच्या मधोमध राखाडी पट्टा येतो. 980 ला अर्धा तास थांबून बंद. 100 अंशांच्या खाली आल्याशिवाय दार उघडू नका. मुख्य माल भरण्याआधी त्याच मातीच्या फरश्यांचे तुकडे 920, 950, 980 आणि 1020 ला भाजून पाहा. केओलिनाइट जास्त असलेली घासलेली झिलई हजारच्या वर मंद पडते, इलाइटची उलट उजळते. प्रत्येक मातीचा आकडा निराळा.

गवत-लाकडाच्या उघड्या आव्यात भाजायचे तर वाडगा झाकणाच्या मातीच्या डब्यात ठेवून झाकणाची फट ओल्या मातीने बुजवा. तरीही आवा बहुधा आठशेच्या आसपासच थांबतो, त्यामुळे लाल रंग येईल, खरी झिलई नाही.

बिघाड पाहून कारण ओळखता येते. कडांवरच सोलपटे निघाली तर झिलई जाड, सगळीकडे निघाली तर अंगात चुना कमी किंवा पृष्ठभागावर धूळ. पांढुरकी साय आली तर मीठ. विटकरी आणि मंद राहिले तर तापमान कमी, तपकिरी झाले तर जास्त.

ठसा, हिशेब, बाजार

तळाच्या आतल्या बाजूला कारागिराच्या नावाचा ठसा असे. नावापुढे OF असेल तर अमक्याचा कारखाना, F असेल तर अमक्याने केले, M असेल तर अमक्याच्या हातचे. भट्टी सामाईक असल्यामुळे कोणाचा माल किती हे कळणे गरजेचे होते. ला ग्रोफसेंकला ताटल्यांवर खरवडलेले हिशेब मिळाले आहेत, गॉलिश आणि लॅटिन मिसळलेल्या भाषेत: कुंभाराचे नाव, भांड्याचा प्रकार, नग. एका भट्टीत तीस हजारांच्या आसपास भांडी भरल्याचे आकडे त्यांत आहेत. चार-पाच जणांनी मिळून भट्टी लावत असाल तर ही पद्धत आजही उत्तम, वहीपेक्षा ठसा हरवत नाही.

माल तिथून डोंगरातून नार्बोनच्या बंदराकडे जाई. जहाजात तो मुख्य नसे, तेलाच्या कुंभांच्या जोडीला भरलेला जोडमाल असे. स्पेनच्या कातालोनिया किनाऱ्यावर बुडालेल्या कुलिप 4 जहाजात तेलकुंभांबरोबर ला ग्रोफसेंकची अडीच हजारांहून अधिक भांडी होती. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेईत 1881 मध्ये न उघडलेली पेटी सापडली, आत दक्षिण गॉलचे 90 वाडगे आणि तीन डझनांवर दिवे. ज्या इटलीकडून गॉलने हा धंदा शिकून घेतला, तिथेच इसवी सन 79 मध्ये गॉलचा माल विकायला निघाला होता.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला नेताना वाडगे एकात एक बसवा, मध्ये भाताच्या पेंढ्याचे वळे घाला, आणि दहापेक्षा जास्त रचू नका. बुडाच्या कड्याखाली आपला ठसा आणि साल जरूर द्या. चांदोरसारख्या जुन्या वस्तीच्या परिसरात उद्या कुणाला तुकडा सापडला तर घोळ नको.

घोळ याआधी झालेला आहे. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू या प्राचीन बंदरात 1945 मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांना इटलीतले खरे सिजिलाटा मिळाले, VIBII आणि CAMVRI असे ठसे असलेले. त्याच जागची चाकोरीच्या नक्षीची ताटेही बरीच वर्षे रोमन वळणाची मानली गेली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या विश्वास गोगटे यांनी 1997 मध्ये क्ष-किरणांनी माती तपासून ती बंगालकडची असल्याचे मांडले. गुजरात-महाराष्ट्रात मिळणारी लाल तुकतुकीत भांडीही अशीच एकेकाळी रोमन ठरवली जात. हातात तुकडा आला तर फुटलेली कड भिंगाखाली धरा. सिजिलाटाचे अंग गुलाबी-लालसर आणि बारीक असते, झिलई वेगळी गडद रेघ म्हणून दिसते, पण नखाने सुटत नाही. मात्र जुन्या जागेवरचा तुकडा उचलून घरी आणू नका. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1972 चा पुरावस्तू कायदा लागू होतो. जागेवरच फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

झिलईत शिसे नाही, तेव्हा तयार वाडग्यात जेवायला हरकत नाही. फक्त तो चुलीवर ठेवू नका. आणि नक्षीच्या खोबणीत झिलई विरळ बसलेली असेल तर सोलकढीचा डाग तिथे कायमचा राहतो.